जुन्या शाळेला नवं ग्रंथालय जोडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेच्या जुन्या इमारतीला ग्रंथालयासाठी भाग वाढवायचं ठरलं की मुख्याध्यापक, संस्थेचे पदाधिकारी, पालक आणि कधीकधी स्वतः ग्रंथपाल प्रश्न पाठवतात. इतकी वर्षं शाळांना असे भाग जोडायचंच काम करत असल्यामुळे माझ्यासमोर तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ते इथे एकत्र केले आहेत. आधी साधे, मग अडचणीचे. एखाद्या मुद्द्याचं उत्तर दुसरीकडे सविस्तर आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. ठराव झाला, निधीचीही सोय होतेय. पहिलं काम कोणतं?

जुनी इमारत नीट मोजून घेणं. बहुतेक ठिकाणी उलटं होतं. नव्या खोलीचं रंगीत चित्र आधी तयार होतं, ते सगळ्यांना आवडतं आणि मग कुणीतरी इंजिनिअरला जुनी भिंत दाखवायला नेतं. तोवर चित्रात मन इतकं गुंतलेलं असतं की बदल करायला कुणी तयार होत नाही.

आज इमारत जशी उभी आहे तसा नकाशा करून घ्या. त्यात जमिनीच्या आणि प्रत्येक मजल्याच्या पातळ्या हव्यात. भेगा, ओल, खचलेली फरशी, गंजलेल्या सळ्या यांचे फोटो तारखेसह काढून ठेवा. जुने नकाशे शोधा. त्यानंतर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, आणि तो कंत्राटदारानं आणलेला नसावा. पहिल्याच बैठकीला ग्रंथपालांना सोबत घ्या. रॅक कुठे, टेबल कुठे, मुलं कुठून येतात-जातात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

२. नवं बांधण्यापेक्षा दोन वर्गांमधली भिंत पाडून एक मोठी खोली केली तर?

ती भिंत वरचा स्लॅब पेलत असेल तर ती सहज पाडता येत नाही. जुन्या शाळा बऱ्याचदा भारवाही भिंतींच्या असतात, म्हणजे त्यांत कॉलम नसतात, भिंतीच छप्पर तोलतात. अशी भिंत काढायची तर आधी टेकू देऊन खाली बीम बसवावा लागतो, आणि त्या बीमच्या दोन्ही टोकांखालची भिंत वाढलेला भार झेलेल का, हेही तपासावं लागतं. तळमजल्यावर हे जमतं. वरच्या मजल्यावर मात्र पुस्तकांच्या वजनाचा प्रश्न उभा राहतो (प्रश्न ३).

३. पुस्तकंच तर ठेवायची आहेत. त्याला इतकी गणितं कशाला?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. म्हणून गणित मांडूनच दाखवतो.

दोनशे पानांचं, मध्यम आकाराचं साधं पुस्तक हातात घ्या. वजन साधारण पाव किलो, जाडी सव्वा सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे एक मीटर फळीवर अशी ऐंशी पुस्तकं मावतात आणि त्यांचं वजन वीस किलो होतं. तिथेच गुळगुळीत कागदाचे, जाड पुठ्ठ्याचे ज्ञानकोश ठेवले तर तीच एक मीटर फळी चाळीस किलोपर्यंत जाते. आता दोन्ही बाजूंनी पुस्तकं लावायचा सहा फळ्यांचा रॅक घ्या, ९० सेंटिमीटर रुंद. त्याच्या फळ्यांची एकूण लांबी जवळपास ११ मीटर. मीटरमागे पंचवीस किलो धरले तरी पुस्तकंच २७० किलोंची, आणि रॅकचं स्वतःचं वजन वेगळं. हा सगळा भार अर्ध्या चौरस मीटरहूनही लहान जागेवर उतरतो.

म्हणूनच बांधकामाची मानकं वर्ग आणि ग्रंथालय वेगळं धरतात. भारतीय मानकात (आयएस ८७५, भाग २) वर्गखोलीच्या मजल्यासाठी चौरस मीटरला ३ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ३०० किलोंचा भार धरतात. पुस्तकांच्या रॅकच्या जागेसाठी २.२ मीटर उंचीपर्यंत ६ किलोन्यूटन, आणि त्यावर प्रत्येक मीटर उंचीमागे आणखी २. अमेरिकेतल्या मानकात वर्गासाठी चौरस फुटाला ४० पौंड आहेत, तर रॅकच्या जागेसाठी १५०. दोन्हीकडे अर्थ एकच: वर्ग म्हणून बांधलेल्या वरच्या मजल्यावर रॅकच्या रांगा लावल्या की मूळ हिशेबाच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त भार पडतो. शिवाय हा भार कायमचा असतो. मुलं तास संपला की उठून जातात, पुस्तकं वर्षानुवर्षं तिथेच राहतात आणि बीम हळूहळू वाकत जातो.

त्यामुळे माझं मत पहिल्यापासून ठाम आहे: ग्रंथालय तळमजल्यावर, थेट जमिनीवर टेकलेल्या फरशीवर असावं. खालचा भराव नीट थर देऊन धुमसला असेल तर वजनाची चिंता जवळपास मिटते.

४. जमीन मोकळी नाही. जुन्या इमारतीवरच एक मजला चढवता येईल का?

पाया, कॉलम आणि माती या तिन्ही गोष्टी वाढीव भारासाठी तपासल्याशिवाय अजिबात नाही. "त्या वेळी पाया मजबूत घातला होता" हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकलंय. ते खरंही असू शकतं, पण त्याच्या भरवशावर मुलांच्या डोक्यावर मजला चढवता येत नाही. पायाजवळ खड्डा घेऊन फुटिंगची, म्हणजे पायाच्या मातीवर टेकलेल्या रुंद तळाची, रुंदी आणि खोली मोजावी लागते. बहुतेक वेळा यावर तोडगा म्हणजे मजला चढवायचाच, पण तिथे वर्ग न्यायचा आणि ग्रंथालय तळमजल्यावर रिकाम्या झालेल्या वर्गात आणायचं. तसं केलं तरी वरच्या बांधकामासाठी ही तपासणी टळत नाही.

५. जुनी इमारत भक्कम आहे की नाही, हे नेमकं कसं तपासतात?

आधी डोळ्यांनी, मग हातोडीनं, मग यंत्रानं. अनुभवी माणूस छोट्या हातोडीनं प्लास्टरवर ठोकत जातो. जिथे प्लास्टर किंवा काँक्रीट आतून सुटलंय तिथे आवाज पोकळ येतो. त्यानंतर रिबाउंड हॅमर (पृष्ठभागावर आपटून किती उसळतो ते मोजणारं उपकरण) आणि अल्ट्रासोनिक पल्स (काँक्रीटमधून ध्वनिलहरी पाठवण्याची) चाचणी होते. त्यातून काँक्रीट सगळीकडे सारखं आहे की कुठे कच्चं आहे, याचा अंदाज येतो. ताकदीचा खरा आकडा मात्र कोअर, म्हणजे काँक्रीटचा दंडगोल तुकडा काढून, तो प्रयोगशाळेत दाबून बघितल्यावरच मिळतो. कव्हर मीटरनं आतल्या सळ्या कुठे आणि किती खोल आहेत ते कळतं.

यातली एक चाचणी समितीच्या सगळ्यांनी समोर उभं राहून बघावी असं मला वाटतं. काँक्रीटचा छोटा टवका काढून ताज्या पृष्ठभागावर फिनॉल्फ्थॅलीनचं द्रावण फवारतात. आत काँक्रीट निरोगी असेल तर ते क्षणात गडद गुलाबी होतं. बाहेरून जितक्या खोलीपर्यंत रंग येत नाही, तितक्या खोलीपर्यंत हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं काँक्रीटचा अल्कली गुण घालवलेला असतो. हा बिनरंगी पट्टा सळईपर्यंत पोचला असेल, तर सळईचं गंजापासूनचं संरक्षण संपलं. पट्टीनं तो पट्टा मोजताना तिथे उभ्या असलेल्या शिक्षकांना जे समजतं, ते वीस पानी अहवाल वाचूनही समजत नाही.

६. भिंतीला भेगा आहेत. प्रत्येक भेग धोक्याची असते का?

नाही. प्लास्टरवरच्या जाळीदार बारीक भेगा बहुधा प्लास्टरपुरत्याच असतात. स्लॅब आणि भिंत जिथे भेटतात तिथली आडवी भेग बऱ्याचदा उन्हानं स्लॅब फुगण्या-आकसण्यातून येते. पायऱ्यांसारखी तिरकी जाणारी, विशेषतः खिडकीच्या कोपऱ्यातून निघणारी भेग दिसली, तर पाया कुठेतरी खचतोय का ते बघायलाच हवं. बीम किंवा कॉलममधल्या सळईच्या रेषेत भेग असेल आणि तिच्याजवळ तांबूस डाग असेल, तर सळई गंजते आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि काँक्रीट आतून फोडतो.

भेग जुनी आणि थांबलेली आहे की अजून वाढतेय, हे कळणं सर्वांत महत्त्वाचं. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं खूण करून तारीख लिहा आणि भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना घट्ट चिकटवा. भिंत हलली की काच तडकते. एक कोरडा आणि एक ओला हंगाम, दोन्ही जाऊ द्या. भेग वाढत असेल तर नवं बांधकाम शेजारी आणण्याआधी तिचं कारण शोधा.

७. नवा भाग जुन्या भिंतीला चिकटवायचा की मध्ये फट ठेवायची?

फट ठेवायची. या सगळ्या प्रश्नोत्तरांतून एकच गोष्ट लक्षात राहणार असेल तर ती ही असावी.

जुनी इमारत जितकी खचायची तितकी कधीच खचून बसलेली असते. तिच्याखालची माती भार घेऊन घट्ट झालेली असते. नवी इमारत अजून बसायची आहे. काही मिलिमीटर का होईना, ती पहिल्या काही वर्षांत खाली जाणारच, आणि चिकणमातीवर तर आणखी हळूहळू जात राहणार. दोघींना सळ्यांनी आणि काँक्रीटनं बांधून टाकलं, तर खाली जाणारी नवी इमारत जुनीला ओढते. जिथे कमकुवत जागा असेल तिथे तडा जातो आणि बहुधा तो जुन्या भिंतीतच जातो.

मी एका शाळेत हे जवळून पाहिलंय. जुन्या भिंतीत भोकं पाडून नव्या बीमच्या सळ्या आत घुसवल्या होत्या, कारण त्यामुळे एक कॉलमची रांग वाचत होती. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत जुन्या भिंतीत छतापासून फरशीपर्यंत उभी भेग गेली. दोन्ही भागांना जोडणारा दरवाजा चौकटीत अडकायला लागला. ग्रंथपालबाईंनी रॅक सरळ उभा राहावा म्हणून एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातली होती. पुढच्या भेटीत घड्या तीन झाल्या होत्या.

म्हणून नव्या भागाचे कॉलम, बीम, पाया, छप्पर सगळं स्वतंत्र. जुन्या भिंतीवर काहीही टेकवायचं नाही, अगदी पॅसेजचं छपरसुद्धा. मधली फट किती हवी ते उंची, बांधकामाचा प्रकार आणि भूकंपाची शक्यता यांवर ठरतं. भूकंपात दोन इमारती वेगवेगळ्या तालात डोलतात, फट अपुरी असेल तर एकमेकींवर आदळतात. साधा हिशेब म्हणून, आरसीसी फ्रेमच्या इमारतींसाठी भारतीय मानक मजल्यामागे २० मिलिमीटर आणि एकूण किमान २५ मिलिमीटर फट सांगतं. जुनी इमारत लवचीक किंवा उंच असेल तर इंजिनिअर जास्त फट मागतील, आणि ती द्यावी. ही फट फरशीपासून गच्चीपर्यंत सलग आणि मोकळी हवी. बांधकाम करताना तिच्यात विटांचे तुकडे, मसाला, शटरिंगच्या फळ्या अडकून राहतात. काम झाल्यावर बॅटरी मारून आतून बघा.

८. त्या फटीतून पावसाचं पाणी आत येणार नाही का?

नीट झाकली नाही तर येईल. फट सिमेंटनं भरून टाकणं हा यावरचा उपाय नाही, कारण भरली की ती फट राहतच नाही. छतावर फटीच्या दोन्ही बाजूंना छोटे कट्टे उभारून त्यावर धातूची टोपी बसवतात. ती एकाच बाजूला पक्की करायची, दुसऱ्या बाजूला सरकायला मोकळी ठेवायची. भिंतीवर लवचीक सीलंट आणि त्यावर झाकपट्टी. फरशीवर सरकणारी धातूची पट्टी, जिच्यावरून व्हीलचेअरचं चाक अडखळणार नाही. आणि छताचा उतार फटीपासून दूर जाणारा ठेवा. दोन्ही छतांचं पाणी मधल्या खोबणीत आणून सोडणारा आराखडा कुणी दिला तर तो परत पाठवा.

सीलंट कायमचं टिकत नाही. दर वर्षी पावसाच्या आधी ते बघायचं, हे शाळेच्या देखभाल-वहीत लिहून ठेवा.

९. जुन्या पायाला लागून खोदताना भिंत खचली तर?

ही भीती रास्त आहे. जुन्या फुटिंगच्या कडेपासून खाली बाहेरच्या बाजूला ४५ अंशांची रेषा मनात ओढा. त्या रेषेच्या आतली माती जुन्या इमारतीचा भार पेलते आहे. ती काढायची नाही. म्हणून नवा पाया जुन्यापेक्षा खोल न्यायचा असेल तर तो भिंतीपासून दूर सरकवतात, आणि तिथून बीम-स्लॅब पुढे झुलता काढून फटीपर्यंत आणतात. खोली वापरताना कुणाला हे कळतही नाही. नाइलाजानं जवळ खोदावंच लागलं तर एकदम सलग चर मारायचा नाही. छोटे छोटे टप्पे, एक आड एक, प्रत्येक टप्पा भरून झाल्यावरच शेजारचा. आणि खोदलेला चर पावसात उघडा राहता कामा नये. चरात पाणी साचून जुन्या पायाखालची माती मऊ होणं, हे बहुतेक अपघातांचं मूळ असतं.

१०. ग्रंथालयासाठी आवारातली कोणती जागा चांगली?

मुलं रोज जिथून जातात ती. इमारतीच्या मागे, प्रसाधनगृहाच्या पलीकडे, "तिथे जागा मोकळी आहे" म्हणून बांधलेली ग्रंथालयं मी कुलूपबंद पाहिली आहेत. जिन्याजवळ, प्रवेशाजवळ, वर्गांच्या ओळीच्या टोकाला ते असेल तर मधल्या सुट्टीत मुलं आपसूक डोकावतात.

दुसरी काळजी जुन्या वर्गांची. नवा भाग कुठल्या तरी वर्गाच्या खिडक्यांसमोरच उभा राहतो. त्या वर्गाचा उजेड आणि वारा गेला तर आपण एक चांगली खोली मिळवून एक वाईट केली. अशा वेळी नवा भाग थेट भिंतीला न लावता मध्ये छोटं अंगण ठेवून झाकलेल्या पॅसेजनं जोडता येतो. मला ही रचना फार आवडते. जुन्या वर्गाच्या खिडक्या तशाच राहतात, पाया जुन्यापासून आपोआप दूर जातो (प्रश्न ९) आणि अंगणात चार मुलं पुस्तक घेऊन बसतात.

११. खोली किती मोठी हवी?

एका वेळी एक अख्खा वर्ग बसू शकेल इतकी तरी. हिशेब असा करा: वाचायला बसणाऱ्या एका मुलामागे साधारण २ चौरस मीटर. चाळीस मुलांचे ८०. पाच हजार पुस्तकं असतील आणि त्यांत जाड-पातळ सगळीच असतील तर फळीच्या मीटरला सरासरी पन्नास धरा, म्हणजे १०० मीटर फळी. पण फळ्या काठोकाठ भरायच्या नसतात. सत्तर टक्केच भरल्या तर १४० मीटरच्या वर फळी लागते. चार फळ्यांचे, दोन्ही बाजूंनी वापरायचे वीस रॅक. मधल्या वाटांसह त्यांना ३२ चौरस मीटर. देवघेवीचं टेबल आणि दुरुस्तीची जागा मिळून १०. सगळं मिळून १२० चौरस मीटरच्या आसपास.

ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडणाऱ्या डॉ. एस. आर. रंगनाथन यांचा पाचवा सिद्धान्त ग्रंथालयाला वाढती संस्था म्हणतो. आराखड्यात एक भिंत अशी ठेवा की पुढे कधी त्या बाजूला वाढता येईल. तिथे जिना, टाकी किंवा प्रसाधनगृह बांधू नका.

१२. रॅक किती उंच असावेत?

प्राथमिकच्या मुलांसाठी १.२ मीटरपर्यंत, मोठ्यांसाठी १.५ ते १.८. खोलीच्या मध्ये उभे केलेले रॅक कमी उंचीचेच हवेत, म्हणजे ग्रंथपालांना टेबलापाशी बसून सगळी खोली दिसते. उंच रॅक भिंतीकडेला, आणि ते भिंतीला पक्के करून. मुलं फळीवर पाय ठेवून चढतात, आणि न बांधलेला रॅक पुढे कोसळतो. भिंत जुन्या इमारतीची असेल आणि प्लास्टर पोकळ असेल तर तिथे अँकर बोल्ट धरत नाहीत, म्हणून उंच रॅक नव्या भिंतीला लावा. दोन रॅकमधली वाट किमान ९० सेंटिमीटर, जमल्यास १२०.

१३. खिडक्या भरपूर ठेवल्या तर पुस्तकं खराब होतात म्हणतात. मग उजेड कसा आणायचा?

थेट ऊन वाईट, आकाशाचा उजेड चांगला. उत्तर गोलार्धात उत्तरेकडच्या आणि दक्षिण गोलार्धात दक्षिणेकडच्या मोठ्या खिडक्यांतून दिवसभर सौम्य, स्थिर उजेड मिळतो. पश्चिमेची खिडकी टाळा. ती ठेवावीच लागली तर बाहेरून उभ्या पट्ट्या लावा. रॅक खिडक्यांना काटकोनात ठेवले तर दोन रॅकमधल्या वाटेत उजेड पोचतो. दिव्यांसाठी वाचण्याच्या टेबलावर ५०० लक्स (उजेड मोजायचं एकक) आणि फळ्यांवर २०० लक्स हे युरोपीय मानकातले आकडे धरून चाला. दिवे रॅकच्या माथ्यावर नकोत, वाटांच्या वर हवेत. सगळ्यात खालच्या फळीवरचं नाव वाचता आलं पाहिजे.

एका खिडकीचा कट्टा मुद्दाम रुंद आणि बुटका ठेवा, फरशीपासून ४० सेंटिमीटरवर. खुर्च्या कितीही चांगल्या आणल्या तरी मुलं आधी तोच पकडतात.

१४. शेजारी मैदान आहे. आवाजाचं काय?

मैदानाच्या बाजूला रॅक आणि भिंत, शांत बाजूला वाचनाची टेबलं. पुस्तकांनी भरलेली भिंत आवाज बऱ्यापैकी शोषते. छताला ध्वनिशोषक पॅनेल लावा, कारण कडक फरशी आणि उघडा स्लॅब असेल तर खुर्ची सरकवल्याचा आवाजही खोलीभर घुमतो.

१५. जुन्या इमारतीत ओल आणि वाळवी आहे. नव्या भागात ती येणार नाही ना?

काळजी घेतली नाही तर येणार. नव्या प्लिंथमध्ये (जोत्यात) ओलरोधक थर हवाच, पण खरी गोम जुन्या-नव्याच्या सांध्यात असते. जुन्या भिंतीत असा थर नसेल तर तिच्यातली ओल शेजारी भरलेल्या मातीतून आणि चिकटलेल्या प्लास्टरमधून इकडे सरकते. फट मोकळी ठेवली (प्रश्न ७) तर हा मार्गही तुटतो.

वाळवीसाठी पाया भरताना मातीवर प्रक्रिया करून घ्या, आणि त्याच वेळी जुन्या चौकटी, जुनं फर्निचरही तपासा. जुनी लाकडी कपाटं पोकळ वाजतात का, हे न बघता नव्या खोलीत आणू नका. हवेतली आर्द्रता बराच काळ ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की कागदावर बुरशी धरते. म्हणून समोरासमोर खिडक्या हव्यात, रॅक आणि बाहेरची भिंत यांत ५ सेंटिमीटर जागा हवी आणि सर्वांत खालची फळी जमिनीपासून वर हवी.

आणखी एक: नव्या बांधकामात कित्येक हजार लिटर पाणी मुरलेलं असतं. रंग वाळला म्हणजे खोली वाळली असं नाही. उद्घाटनाची तारीख जवळ आली म्हणून ओल्या खोलीत पुस्तकं लावू नका. खिडक्या उघड्या ठेवून काही आठवडे जाऊ द्या.

१६. जुन्या आणि नव्या फरशीची पातळी जुळत नाही. दोन पायऱ्या दिल्या तर चालेल?

पायऱ्यांबरोबर रॅम्प हवा, आणि शक्य असेल तर पातळीच जुळवा. व्हीलचेअरसाठी रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नसावा. म्हणजे ४५ सेंटिमीटर चढायला ५.४ मीटर लांबी. ही जागा आराखड्यात पहिल्या दिवसापासून धरली नाही तर शेवटी घसरगुंडीसारखा रॅम्प बनतो, ज्यावर कुणीही स्वतःच्या हातांनी चाक चढवू शकत नाही. दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर आणि आत वळायला दीड मीटरचं वर्तुळ हवं.

१७. आगीसाठी वेगळं काही करावं लागतं का?

बाहेर पडायला दोन वाटा, एकमेकींपासून लांब, आणि निदान एक थेट उघड्यावर नेणारी. दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी. नवा भाग जोडताना जुन्या इमारतीची बाहेर पडायची वाट अडत नाही ना, हे नकाशावर बोट फिरवून बघा. ही चूक कागदावर पटकन दिसत नाही. जुनी वायरिंग ओढून नव्या खोलीला वीज देऊ नका. मुख्य पॅनेलपासून स्वतंत्र लाइन घ्या.

१८. बांधकाम चालू असताना शाळा भरवता येईल का?

येते, पण दोन वाटा पूर्ण वेगळ्या केल्या तरच. साइटला उंच, सलग पत्र्याचं कुंपण, गाड्यांसाठी वेगळं फाटक, आणि शाळा भरताना-सुटताना कुठलीही गाडी आत-बाहेर नाही. खोदकाम, तोडफोड आणि जुन्या भिंतीतलं दार फोडणं ही कामं सुट्टीत बसवा. दार फोडण्याचं काम सगळ्यात शेवटी ठेवा. तोवर जुनी भिंत हीच धुळीपासून आणि अपघातापासून मुलांचं रक्षण करते.

१९. परवानग्या कोणत्या लागतात?

नियम ठिकाणानुसार बदलतात. सर्वसाधारणपणे वाढीव बांधकामाचा नकाशा स्थानिक प्राधिकरणाकडून मंजूर करून घेणं, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र, अग्निशमन विभागाची संमती आणि शेवटी वापर परवाना हे टप्पे असतात. जुन्या इमारतीचीच मंजुरी सापडत नसेल तर ते आधी सरळ करून घ्या, कारण नवा अर्ज तिथेच अडकतो.

२०. जुने नकाशे कुठेच सापडत नाहीत. मग?

हे नेहमीचंच आहे. मोजून नकाशा बनवा, दोन-तीन ठिकाणी पायाजवळ खड्डे घेऊन फुटिंग बघा, कव्हर मीटरनं सळ्या शोधा. इतकं केल्यावर हिशेब मांडता येतो. निवृत्त शिक्षक आणि जुने शिपाई यांनाही भेटा. कुठली विहीर बुजवली, कुठे पूर्वी टाकी होती, हे कागदावर नसतं पण त्यांच्या लक्षात असतं. बुजवलेल्या विहिरीवर फुटिंग आलं तर नवा कोपरा खचतो.

२१. आमची इमारत वारसा यादीत आहे. भर घालता येते का?

बहुधा येते, संबंधित समितीच्या संमतीनं. वारसा इमारतींच्या जतनासाठीच्या १९६४च्या व्हेनिस सनदेचं सूत्र जगभर मानलं जातं: नव्या भरीनं इमारतीच्या महत्त्वाच्या भागांना, तिच्या तोलाला आणि भोवतालाशी असलेल्या नात्याला बाध येऊ नये. त्यामुळे जुन्या कमानींची हुबेहूब नक्कल करू नका. उंची जुन्यापेक्षा कमी, दर्शनी बाजू मोकळी, साहित्य साधं. मध्ये काचेचा पॅसेज ठेवला तर जुनं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं ते स्पष्ट दिसतं.

२२. जुन्या छतावर सिमेंटचे पत्रे आहेत. सांध्यासाठी थोडे कापले तर चालेल ना?

तपासल्याशिवाय हात लावू नका. जुन्या सिमेंट पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची बरीच शक्यता असते, आणि कापताना-भोक पाडताना उडणाऱ्या त्याच्या तंतूंमुळे फुप्फुसांचा कर्करोग होतो. नमुना प्रयोगशाळेत द्या. ॲस्बेस्टॉस निघालं तर प्रशिक्षित लोकांकडून, शाळा बंद असताना, पत्रे ओले करून आणि अखंड उतरवूनच काढायचे. जुना रंग खरवडतानाही शिशाची तपासणी करून घ्या.

२३. आत्ता निधी तळमजल्यापुरताच आहे. वरचा मजला पुढे कधीतरी. चालेल?

चालेल, पण पाया आणि कॉलम आजच पूर्ण इमारतीच्या हिशेबानं घाला. मागाहून पाया वाढवणं फार जिकिरीचं असतं. गच्चीवर पुढच्या कॉलमसाठी सोडलेल्या सळ्या उघड्या ठेवू नका. त्या गंजतात आणि गंज खालच्या कॉलममध्ये उतरतो. त्यांवर सिमेंटचा लेप देऊन कमी ताकदीच्या काँक्रीटनं झाकून ठेवा. फटीची रुंदीही पुढच्या पूर्ण उंचीसाठी आत्ताच ठेवा (प्रश्न ७), ती नंतर वाढवता येत नाही. आणि सगळे नकाशे, हिशेब, चाचण्यांचे अहवाल शाळेच्या दप्तरात दोन प्रतींत ठेवा, म्हणजे पुढच्या समितीवर प्रश्न २० विचारायची वेळ येणार नाही.

२४. सगळं नियमानं केलं, तरी वर्षभरात सांध्याजवळ बारीक रेघ दिसते आहे. काही चुकलं का?

रेघ बरोबर फटीवरच असेल तर बहुतेक काही चुकलेलं नाही. नवा भाग बसतो आहे आणि फट तिचं काम करते आहे. रंगाऱ्यानं फटीवरून सलग प्लास्टर किंवा पुट्टी ओढली असेल तर ती तिथे तडकतेच. ती खरवडून काढा आणि झाकपट्टी बसवा, पुन्हा पुट्टी भरू नका. रेघ फटीपासून बाजूला, जुन्या भिंतीच्या अंगात गेली असेल तर प्रश्न ६ मधली काचपट्टी लावा, फटीत आत कुठे मसाला अडकलाय का ते बॅटरीनं बघा आणि ज्यांनी आराखडा केला त्या इंजिनिअरना फोटो तारखेसह पाठवा.